बोलावल्यावांचून येणारा सूर



सायंकाळची वेळ आहे, घरांतील मंडळी एकत्र बसली आहेत, आणि एखादें आवडतें भजन ऐकावें म्हणून वडील ध्वनियंत्र सुरू करतात. गायनास आरंभ होण्यापूर्वींच स्पीकरमधून भुंग्याच्या आवाजासारखा एक मंद, अखंड सूर येऊं लागतो. गाणें चालू असतां तो कांहींसा झांकला जातो. परंतु गायक श्वास घेण्यासाठीं थांबला कीं तो पुन्हां पुढें येतो. हा सूर कोणीं गाइलेला नसतो व कोणीं मागितलेलाही नसतो. दुरुस्ती करणारे लोक 'हमिंग येतें' असें म्हणतात. आपण येथें त्यास गुणगुण म्हणूं. ती कोठून येते, तिचें मूळ कसें शोधावें, आणि तें शोधतांना कोणती एक गोष्ट कधींही करूं नये, हें सांगावें असा ह्या लेखाचा हेतु आहे. जी गोष्ट करूं नये ती मीं स्वतः एकदां केली आहे. म्हणून प्रथम तीच सांगतों.

२००४ सालच्या पावसाळ्यांत मी नववीच्या वर्गांत होतों. आमच्या घरीं लोखंडी पेटीचा एक जुना अँप्लिफायर व कॅसेट वाजविण्याचें एक यंत्र होतें. आजोबांना जाऊन बरींच वर्षें लोटलीं होतीं. रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांचीं भजनें ते फार गोड म्हणत; त्यांच्या आवाजांतील एकच कॅसेट घरांत उरली होती. फीत जुनी होत चालली आहे, ती तुटण्यापूर्वीं संगणकावर उतरवून ठेवावी, असें वडिलांनीं ठरविलें व तें काम मजकडे सोंपविलें. संगणक आंतल्या खोलींत होता. मीं एक लांब तार आणून अँप्लिफायर संगणकास जोडला. आणि त्याच क्षणीं आजोबांच्या आवाजाखालीं ती गुणगुण मोठ्यानें सुरू झाली.

ओळखीच्या एका गृहस्थांनीं तोडगा सांगितला : "अँप्लिफायरच्या प्लगांतील हिरवी तार काढून टाक, आवाज बंद होईल." मीं तसें केलें. आवाज खरोखरच जवळजवळ नाहींसा झाला, आणि आपण मोठे यंत्रज्ञ झालों असा मला अभिमान वाटला. पुढच्या आठवड्यांत संगणकाची तार काढून ठेवलेली असतां आई ओलसर फडक्यानें अँप्लिफायरवरील धूळ पुसूं लागली. यंत्र चालू होतें. तिच्या हातास असा जबर झटका बसला कीं ती किंचाळून मागें पडली. देवाच्या दयेनें हात लगेच सुटला व थोड्या वेळानें ती सांवरली. तिनें मला शिक्षा केली नाहीं. ती एवढेंच म्हणाली, "बाळ, त्या हिरव्या तारेचें काम काय होतें, हें तूं कोणाला विचारलें होतेंस का?" मीं विचारलें नव्हतें. आमच्या विज्ञानशिक्षकांना ही हकीकत कळली तेव्हां ते स्वतः घरीं आले. त्यांनीं प्रथम ती तार पुन्हां जोडविली व अँप्लिफायर दुरुस्तीस पाठविला. यंत्र परत आल्यावर त्यांनीं मला गुणगुणीचें मूळ कसें शोधावें तें शिकविलें. तेंच मी पुढें सांगत आहें.

आपल्या घरांत येणारी वीज २३० व्होल्ट दाबाची असून तिचा प्रवाह एकाच दिशेनें वाहत नाहीं. तो एका सेकंदांत ५० वेळां पुढें जातो व ५० वेळां मागें येतो. एखादी वस्तु सेकंदाला ५० वेळां थरथरली कीं आपल्या कानास एक खोल सूर ऐकूं येतो. गुणगुण ही ह्या थरथरीचीच सांवली होय. अमेरिकेंत विजेचीं आवर्तनें सेकंदाला ६० असल्यानें तेथील गुणगुण थोडी उंच सुरांत असते. ज्यांच्या घरीं पेटी आहे त्यांना हा सूर ताडून पाहतां येईल. पांढरी पांचचा स्वर खालच्या सप्तकांत घेतला असतां त्याचीं कंपनें सेकंदाला सुमारें ९८ होतात. १०० कंपनांची गुणगुण ह्या स्वराच्या किंचित् वर लागते, आणि ५० कंपनांची गुणगुण तिच्या बरोबर एक सप्तक खालीं असते.

ही थरथर ध्वनियंत्रांत शिरण्याच्या मुख्य वाटा तीन आहेत.

पहिली वाट यंत्राच्या आंतच असते. अँप्लिफायरच्या अंतर्भागास एकाच दिशेनें वाहणारी स्थिर वीज लागते. म्हणून येणाऱ्या विजेचा मागें जाणारा अर्धा भागही पुढच्या दिशेस वळविला जातो, आणि सेकंदाला १०० लाटा तयार होतात. ह्या लाटा सपाट करण्याचें काम कंडेन्सर करतो. पंपाचें पाणी धक्क्याधक्क्यानें आलें तरी गच्चीवरील टांकीमुळें नळास तें सारखें येतें. कंडेन्सर हा विजेची तशी टांकीच होय. वर्षें लोटलीं कीं त्याच्या आंतील द्रव्य सुकतें, टांकी जणूं लहान होते, आणि १०० कंपनांची, किंचित् कर्कश अशी गुणगुण स्पीकरपर्यंत पोंचते.

दुसरी वाट हवेंतून आहे. मायकेल फॅराडे ह्यांनीं १८३१ सालीं असें दाखविलें कीं बदलत्या चुंबकीय क्षेत्रांत तारेचें वेटोळें असेल तर त्यांत वीज उत्पन्न होते. विजेची प्रत्येक तार, प्रत्येक ट्रान्स्फॉर्मर, ट्यूबलाइटची प्रत्येक जुनी चोक असें क्षेत्र आपल्याभोंवतीं पसरीत असते. ध्वनीची नाजूक तार त्यांच्याजवळून गेली कीं ती थरथर उचलते. म्हणूनच ध्वनीच्या तारेभोंवतीं बारीक तारांच्या जाळीचें वेष्टण असतें. विजेच्या तारेभोंवतीं जें दाबाचें क्षेत्र असतें त्यापासून हें वेष्टण आंतील तारेचें चांगलें रक्षण करतें. चुंबकीय क्षेत्र मात्र त्यास फारसें जुमानीत नाहीं. तेथें अंतर राखणें हाच उपाय. जाळी कोठें तुटली कीं गुणगुण एकदम वाढते.

तिसरी वाट सर्वांत फसवी आहे, आणि आमच्या घरीं तीच होती. दोन विहिरी शेजारींशेजारीं असल्या तरी त्यांच्या पाण्याची पातळी अगदीं एक असतेच असें नाहीं. त्या नळीनें जोडल्या तर नळींतून पाणी वाहूं लागेल. घरांतील दोन निरनिराळ्या सॉकेटांना अर्थिंग असतें, म्हणजे जमिनीशीं जोडणारी तार असते. तरीही त्या दोन ठिकाणच्या विद्युद्दाबांत किंचित् फरक राहतो. अँप्लिफायर बाहेरच्या खोलींतील अर्थिंगला व संगणक आंतल्या खोलींतील अर्थिंगला जोडलेला होता. मीं त्या दोहोंमध्यें ध्वनीची तार ओढली तेव्हां तिचें जाळीदार वेष्टण हीच विहिरींमधील नळी झाली व तींतून ५० आवर्तनांचा प्रवाह वाहूं लागला. ध्वनीचा संकेत ह्या वेष्टणाच्या आधारानेंच मोजला जातो. मोजण्याची पट्टीच थरथरूं लागली तर माप बरोबर कसें येणार? घरगुती यंत्रांतील संकेत सुमारें ०.३ व्होल्टचा असतो. त्यांत एक सहस्रांश व्होल्ट थरथर मिसळली तरी ती मूळ संकेताच्या तीनशांवा भाग होते, आणि गाण्यांतील शांत जागीं सहज ऐकूं येते.

हा त्रास नवा नाहीं. आरंभींच्या टेलिफोनांत एकच तार असे व परतीची वाट जमिनींतून असे. त्यामुळें जमिनींतून जाणारे तारायंत्राचे व पुढें विजेच्या ट्रामचे प्रवाह बोलणाऱ्यांच्या कानीं पडत. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल ह्यांनीं १८८१ सालीं दोन तारा एकमेकींभोंवतीं पिळून नेण्याच्या योजनेचें पेटंट घेतलें. पिळलेल्या दोन्ही तारांवर बाहेरची थरथर सारखीच पडते व ती परस्पर खोडली जाते.

आतां शोधाची रीत. आमच्या शिक्षकांचें सूत्र असें होतें : एका वेळीं एकच गोष्ट बदलावी व प्रत्येक वेळीं काय ऐकूं आलें तें वहींत लिहावें. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कोणाचा व दोष कोणाचा हें कधींच कळत नाहीं. कोणतीही तार काढतांना किंवा घालतांना यंत्र आधीं बंद करावें, हा दुसरा नियम.

प्रथम कान देऊन गुणगुण स्पीकरमधून येते कीं पेटींतूनच येते तें पाहावें. पेटींतून येत असेल तर ती ट्रान्स्फॉर्मरच्या पत्र्यांची थरथर होय. तिचा ध्वनीच्या तारांशीं संबंध नाहीं.

स्पीकरमधून येत असेल तर आवाजाची खुंटी अगदीं शून्यावर न्यावी. तरीही गुणगुण तेवढीच राहिली तर दोष खुंटीच्या पुढें, म्हणजे अँप्लिफायरच्या पोटांत, बहुधा कंडेन्सरमध्यें आहे. खुंटीबरोबर गुणगुण कमीजास्त होत असेल तर ती खुंटीच्या अलीकडून, म्हणजे जोडलेल्या यंत्रांकडून किंवा तारांकडून येत आहे.

त्यानंतर अँप्लिफायरला मागून जोडलेल्या सर्व ध्वनितारा काढाव्यात. फक्त स्पीकर ठेवावेत. आमच्या घरीं असें केल्यावर पूर्ण शांतता झाली. "म्हणजे अँप्लिफायर निर्दोष ठरला," शिक्षक म्हणाले, "आतां साक्षीदार एकेक करून बोलवूं." कॅसेटचें यंत्र जोडलें : शांतता. संगणक जोडला : गुणगुण. आरोपी सांपडला. परंतु संगणकाचा तरी दोष काय? तो एकटा असतां त्याच्यांतही कांहीं गुणगुण नव्हती. दोष ना ह्याचा ना त्याचा. दोष त्यांच्या जोडणीचा होता.

उपाय अगदीं साधा निघाला. संगणक बाहेरच्या खोलींत आणून दोन्ही यंत्रें एकाच तीन पिनांच्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावलीं. दोघांचें अर्थिंग एकाच जागीं आलें. दोन विहिरींची एक विहीर झाली. लांब तारेऐवजीं हातभर लांबीची तार घातली. गुणगुण नव्वद टक्के नाहींशी झाली असें मीं वहींत लिहिलें. तें माप अर्थातच कानाचें होतें. जी थोडी उरली तिच्यासाठीं यंत्रांच्या मागील तारांचा गुंता सोडविला. ध्वनीची तार विजेच्या तारेस समांतर बांधलेली होती. ती सोडवून वीतभर दूर नेली, आणि जेथें दोन्ही तारा एकमेकींस ओलांडतात तेथें त्या काटकोनांत ओलांडतील असें केलें. उरलेली गुणगुणही गेली.

प्रत्येक घरीं हाच उपाय चालेल असें नाहीं. केबल टेलिव्हिजनची तार घराबाहेरून येते व तिचें वेष्टण दुसऱ्याच जागीं जमिनीस जोडलेलें असूं शकतें. ती तार काढतांच गुणगुण थांबली तर तिच्यासाठीं मिळणारा आयसोलेटर बसवावा. मांडीवरचा लॅपटॉप जोडल्यावर गुणगुण येत असेल तर त्याचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवून पाहावा. गुणगुण थांबली तर वाट चार्जरची आहे. दोन यंत्रें एका बोर्डावर आणणें शक्य नसेल तर मध्यें ध्वनीचा आयसोलेशन ट्रान्स्फॉर्मर घालतां येतो. त्यांतून संकेत चुंबकीय मार्गानें पलीकडे जातो, पण तारेचा सांधा राहत नाहीं. ज्या यंत्रांना प्रकाशतारेची सोय आहे तेथें ती वापरावी. प्रकाशाबरोबर विजेची थरथर येत नाहीं.

ज्यांच्या घरीं तबकड्यांचा रेकॉर्ड प्लेअर आहे त्यांनीं अधिक जपावें. सुईपासून निघणारा संकेत कांहीं थोड्या सहस्रांश व्होल्टांचाच असतो. शिवाय तबकडींत मुद्दाम क्षीण ठेवलेले खालचे स्वर अँप्लिफायर पुन्हां वाढवितो. १००० कंपनांच्या स्वराच्या मानानें ५० कंपनांचा स्वर सुमारें सातपट वाढतो, आणि त्याबरोबर गुणगुणही वाढते. अशा बहुतेक यंत्रांना एक बारीक, सुटी अर्थ तार असते. ती अँप्लिफायरच्या मागील स्क्रूला नीट आंवळली आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें.

आतां आईच्या प्रश्नाचें उत्तर. प्लगची तिसरी पिन इतर दोहोंपेक्षां जाड व लांब असते तें उगीच नव्हे. प्लग घालतांना ती सर्वांच्या आधीं सॉकेटास भिडते व काढतांना सर्वांच्या शेवटीं सुटते. म्हणजे यंत्रांत वीज असेपर्यंत रक्षक जागेवर असतो. हिरवी, किंवा नव्या तारांत हिरवी-पिंवळी, तार यंत्राच्या लोखंडी पेटीस जमिनीशीं जोडते. आमच्या अँप्लिफायरच्या जुन्या ट्रान्स्फॉर्मरचें वेष्टण पावसाळी दमटपणानें कमकुवत झालें होतें व वीज पेटीवर उतरली होती. हिरवी तार जागेवर असती तर ती वीज मुकाट्यानें जमिनींत गेली असती. गळती मोठी असती तर फ्यूज जळून यंत्र बंद पडलें असतें. मीं ती वाट तोडली, म्हणून विजेनें आईच्या देहांतून वाट शोधली. गुणगुण ही केवळ कानास त्रास देते. तुटलेलें अर्थिंग जीव घेऊं शकतें. आणि त्यांतील कपट असें कीं तें तोडल्यावर यंत्र आधींपेक्षां चांगलें चाललेलें दिसतें.

म्हणून पालकांस माझी नम्र विनंति आहे. घरांतील ज्या ज्या यंत्रास तीन पिनांचा प्लग आहे त्याची तिसरी पिन जागेवर आहे काय, आणि भिंतींतील सॉकेटास खरोखर अर्थिंग आहे काय, हें जाणत्या वायरमनकडून एकदां तपासून घ्यावें. ३० मिलिअँपियर प्रवाह वाट चुकला तरी वीज तत्काळ तोडणारें आर. सी. सी. बी. नांवाचें उपकरण घरांत बसविणें हितावह आहे. आणि विद्यार्थ्यांनीं अँप्लिफायरची पेटी स्वतः उघडूं नये. बटण बंद केल्यावर, प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्यें वीज सांठून राहते. जुन्या व्हॉल्व्हच्या यंत्रांत तिचा दाब कित्येक शें व्होल्ट असतो. तें काम कारागिराचें. तुमचें काम दोष कोणत्या बाजूस आहे हें शोधण्याचें. तेवढें कळलें तर कारागिराचाही वेळ वांचतो.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. सर्व तारा नीट झाल्यावर आम्हीं आजोबांची कॅसेट लावली, आणि अगदीं बारीक अशी गुणगुण पुन्हां ऐकूं आली. मी तारांकडे धांवलों. शिक्षकांनीं मला थांबविलें व फीत बंद करावयास सांगितली. गुणगुण थांबली. दुसरी कॅसेट लावली. तींत ती नव्हती. मग माझ्या ध्यानीं आलें : ही गुणगुण आमच्या घरांतील नव्हतीच. आजोबा गात असतां मायक्रोफोनजवळून बहुधा विजेची एखादी तार गेली असेल. तिचा सूर त्यांच्या सुराबरोबर फितींत कायमचा उतरला होता. संगणकावर ५०, १०० व १५० कंपनांचे स्वर गाळून टाकण्याची सोय आहे, व आम्हीं ती करून पाहिली. परंतु पुरुषाच्या आवाजाचा पाया पुष्कळदां १०० कंपनांच्या आसपासच असतो. गुणगुण गेली, आणि तिच्याबरोबर आजोबांच्या आवाजांतील भरदारपणाही गेला. वडिलांनीं दोन्ही प्रती ऐकल्या व गुणगुणीसह असलेलीच जपून ठेवावयास सांगितली.

जो दोष दूर करतां येतो तो धीरानें, क्रमाक्रमानें व कोणाचें रक्षण न तोडतां दूर करावा. आणि जो मूळ वस्तूशींच एकजीव झाला आहे तो ओळखून सोडून द्यावा. कोणता दोष कोणत्या जातीचा, हें वहींत नोंद ठेवून पाहिल्यावांचून कळत नाहीं. तेव्हां तुमच्या घरीं हा अनाहूत सूर आला तर घाबरूं नका, चिडूं नका, आणि कोणाच्या सांगण्यावरून हिरव्या तारेस हात लावूं नका. यंत्र बंद करा, वही घ्या, आणि पहिली तार काढा.

— एक माजी विद्यार्थी